नग, क्विंटल आणि एजंट

बाजार समित्यांच्या रोजच्या भावाचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटी ‘सर्वसाधारण दर’. निफाड तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्याला यातला एकही रकाना समजावून सांगावा लागत नाही. आवक क्विंटलमध्ये, दर क्विंटलचा, आणि सर्वसाधारण म्हणजे त्या दिवशी बराचसा माल ज्या भावानं गेला तो भाव. सरासरी नव्हे. पुण्याच्या बाजारातल्या कोथिंबिरीच्या ओळीत मात्र परिमाण बदलतं. तिथे ‘नग’ लिहिलेलं असतं, म्हणजे जुड्या मोजलेल्या असतात. हेही त्याला ठाऊक असतं.

आता हाच तक्ता एखाद्या एआय एजंटच्या हाती द्या आणि विचारा, ‘आज पुण्याच्या बाजारात एकूण किती भाजीपाला आला?’ एजंट आवकेचा रकाना धरेल, सगळ्या ओळींची बेरीज करेल आणि एक आकडा तुमच्यापुढे ठेवेल. बटाट्याचे क्विंटल आणि कोथिंबिरीच्या जुड्या एकाच गोणीत! बेरीज बिनचूक असेल, वाक्य सफाईदार असेल, लाख-हजारांचे स्वल्पविरामही जागच्या जागी असतील. फक्त तो आकडा कशाचाच नसेल.

एजंटला हिशेब येत नाही असं नाही. ‘परिमाण’ ओळीगणिक बदलतं, आधी ते पाहा आणि मग बेरजेला हात घाला, एवढं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तक्त्यांवर चालणारी हत्यारं यंत्राला समजावून सांगणं हा गेल्या दोन-तीन वर्षांत उभा राहिलेला नवा लेखनप्रकार आहे. दिसतो त्याहून तो बराच अवघड आहे.

एजंट म्हणजे काय ते आधी पाहू. भाषा मॉडेल एरवी फक्त मजकूर लिहितं. त्याला तुमचा डेटाबेस दिसत नाही, फाइल उघडता येत नाही. म्हणून त्याला टूल दिली जातात, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणारे छोटे प्रोग्राम. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीनं ‘फंक्शन कॉलिंग’ नावानं ही सोय आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हे खुलं मानक जाहीर केलं, त्यामुळे एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या एजंटांना जोडता येऊ लागलं. तपशील निरनिराळे असले तरी गाभा एकच आहे. प्रत्येक टूलबद्दल मॉडेलला त्याचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवायची याची यादी मिळते. तेवढं वाचून मॉडेल ठरवतं की कोणतं टूल बोलवायचं आणि त्याला काय द्यायचं. प्रोग्राम चालतो, निकाल पुन्हा मजकूर होऊन मॉडेलकडे येतो, काम पुढे सरकतं. टूलच्या पोटात कोणता कोड आहे, तो कुणी आणि का तसा लिहिला, हे सहसा मॉडेलला दिसतच नाही.

माणसांसाठी लिहिलेली माहितीपत्रकं अर्धवट असली तरी चालून जातं. सरकारी कचेरीत सोमवारी रुजू झालेल्या नव्या कारकुनाकडे पाहा. त्याच्या हातात जे रजिस्टर पडतं त्यातल्या निम्म्या रकान्यांची नावं वाचून काहीच कळत नाही. तरी महिन्याभरात त्याचं काम सुरळीत चालू लागतं, कारण शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षं काढलेले भाऊसाहेब असतात. ‘हा रकाना सोडा, तो आता कुणी भरत नाही.’ ‘इथे शून्य दिसतंय ना, म्हणजे माहितीच आलेली नाही.’ हे ज्ञान कुठल्याही परिपत्रकात नसतं, ते चहाच्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जातं. एजंट मात्र रोजच सोमवारी रुजू होतो. कालचं त्याला आठवत नाही आणि त्याच्या शेजारी भाऊसाहेब नसतात. वर्णनात जे लिहिलं ते त्याला कळतं, उरलेलं तो आपल्या अफाट वाचनाच्या जोरावर अंदाजानं भरून काढतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि माझ्या मते खरी पंचाईत तिथेच आहे. नेहमी चुकणारा अंदाज पहिल्याच दिवशी पकडला जातो. बहुतेकदा बरोबर येणारा अंदाज वर्षभर खपून जातो.

बाजारभावाच्या टूलचं वर्णन घाईघाईनं लिहिलं तर असं होतं: ‘बाजारभावाची माहिती आणतं.’ लिहिणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, कारण बाकीचं सगळं त्याच्या डोक्यात असतं. तेच वर्णन जरा बसून लिहिलं तर साधारण असं होईल: ‘महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांची दिलेल्या एका दिवसाची आवक आणि दर देतं. एक ओळ म्हणजे एक बाजार, एक शेतमाल, एक जात आणि एक दिवस. आवक आणि दर “परिमाण” रकान्यातल्या एककात असतात, ते क्विंटल किंवा नग असू शकतं. वेगळं परिमाण असलेल्या ओळींची बेरीज करू नये. “सर्वसाधारण दर” ही सरासरी नाही. बाजार बंद असेल त्या दिवसाची ओळच नसते. अनेक दिवसांचा कल हवा असल्यास हे टूल वापरू नये, “भाव-इतिहास” वापरावं.’

यातलं सर्वात मोलाचं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं तर मी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवीन. एक ओळ म्हणजे काय? डेटा वेअरहाउसच्या क्षेत्रात याला ‘ग्रेन’ म्हणतात. तक्ता रचताना आधी ग्रेन ठरवा आणि तसा जाहीर करा, असं त्या क्षेत्रातले तज्ज्ञ राल्फ किंबॉल एआय एजंटांच्या कितीतरी आधीपासून सांगत आले. ओळ म्हणजे काय हे सांगितलं नाही तर पुढचा प्रत्येक हिशेब वाळूवर उभा राहतो. ‘आज किती बाजारांत कांदा आला?’ या प्रश्नाला एजंट ओळी मोजून उत्तर देईल. ज्या बाजारात लाल कांद्याची एक आणि उन्हाळी कांद्याची दुसरी ओळ आहे, तो बाजार दोनदा मोजला जाईल.

‘सरासरी नाही’ हे छोटं वाक्यही असंच निरुपद्रवी दिसतं, पण ते विसरून या दरांची सरळ सरासरी काढली की घोळ होतो. समजा, एका बाजारात २०,००० क्विंटल कांदा आला आणि सर्वसाधारण दर १,५०० रुपये होता. दुसऱ्या एका लहान बाजारात फक्त १०० क्विंटल आला आणि दर २,५०० रुपये. दोन दरांची सरळ सरासरी काढली तर २,००० येते. आवकेचं वजन देऊन काढली तर जेमतेम १,५०५ रुपये. किलोमागे पाच रुपयांचा फरक, आणि बातमीत तो ‘कांदा वधारला’ असा छापून येऊ शकतो. एककाचा घोळ याहून साधा आणि याहून वाईट. पुण्याच्या मार्केट यार्डातले फळभाज्यांचे भाव वर्तमानपत्रांत दहा किलोचे छापून येतात, समितीच्या तक्त्यात ते क्विंटलचे असतात, आणि घरी आपण किलोचा भाव बोलतो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच: दर.

सातबाऱ्याचं उदाहरण तर फार मजेदार आहे. तिथे क्षेत्र १.२०.५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे १ हेक्टर, २० आर, ५० चौरस मीटर. दोन टिंबं असलेला आकडा संगणकाला आकडा वाटतच नाही, तो त्याला मजकूर समजतो. मग कुणीतरी शहाणपणा करून दुसरं टिंब काढून टाकतं आणि १.२०५० मिळतं. गंमत म्हणजे हे उत्तर हेक्टरमध्ये अगदी बरोबर असतं, कारण शंभर आरांचा हेक्टर आणि शंभर चौरस मीटरांचा आर. पण एखाद्यानं आर एकआकडी लिहून १.५.०० असं नोंदवलं की तेच टिंब काढल्यावर १.०५ ऐवजी १.५ हेक्टर होतात. कागदावर पंचेचाळीस आर जमीन नव्यानं उगवते! या रकान्याला दोन वाक्यांचं स्पष्टीकरण जोडणं एवढ्याचसाठी गरजेचं आहे.

तक्त्यांच्या हत्यारांमध्ये काही कोपरे असे आहेत की तिथे अनुभवी माणसंही ठेचकाळतात. पहिला कोपरा शेवटाचा. ‘० ते ५’ म्हणजे पाच की सहा? पायथॉनमधली पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी, जिचं काम वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलं, तिच्यात याची दोन उत्तरं आहेत. ‘आयलॉक’ने ० ते ५ मागितलं तर पाच ओळी येतात, ‘लॉक’ने मागितलं तर सहा, कारण एक शेवटचा आकडा सोडून देतं आणि दुसरं तो धरतं. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतलं ‘बिट्वीन’ दोन्ही टोकं धरतं. पण रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल तर ३१ मार्चपर्यंतची मागणी ३१ मार्चच्या मध्यरात्रीच्या ठोक्याला थांबते आणि त्या दिवसभराचे व्यवहार बाहेर राहतात. वर्णनात फक्त ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ लिहिलेलं असेल तर एजंटनं यातलं काय समजायचं? ‘दोन्ही दिवस धरून’ हे तीन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो.

दुसरा कोपरा तारखांचा. ०३/०४/२०२४ आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. पांडाज मुळात महिना आधी धरते. तिच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक तारीख स्वतंत्र वाचायच्या, त्यामुळे एकाच रकान्यात ०३/०४ हा ४ मार्च व्हायचा आणि १३/०४ मात्र १३ एप्रिल, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस इकडेतिकडे उधळलेले आणि उरलेले जागेवर. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत हे वागणं बदललं. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं द्यायची आणि त्याच क्रमानं मिळेल, एवढं टूलच्या वर्णनात असलं की सगळी उधळण टळते.

रिकाम्या जागांचंही तसंच. नामिबिया या देशाचा दोन अक्षरी संकेत आहे ‘एनए’. पांडाज सीएसव्ही फाइल वाचताना रोमन लिपीतली ही दोन अक्षरं ‘माहिती नाही’ या अर्थानं घेते. देशांच्या यादीतून अख्खा नामिबिया नाहीसा होतो आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. पुढे त्याच रकान्यानुसार गट पाडून बेरजा केल्या तर रिकाम्या नावाचा गट मुळातच वगळला जातो, म्हणजे उरलासुरला मागही पुसला जातो. बाजारभावात शून्य दर, रिकामा दर आणि ओळच नसणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माल फुकट गेला, दर नोंदवला नाही, बाजार बंद होता. वर्णनानं त्या वेगळ्या सांगितल्या नाहीत तर एजंट त्यांना सहज एका रांगेत बसवतो.

आणि मग येते मर्यादा. इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर आल्याच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही त्यामुळे रखडला. कारण साधं होतं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गुपचूप गळाल्या. एजंटांच्या टूलमध्ये अशी गळती मुद्दाम ठेवावी लागते, कारण मॉडेल एका वेळी वाचू शकेल असा मजकूर मर्यादित असतो आणि लाखभर ओळी त्याच्या अंगावर टाकता येत नाहीत. म्हणून टूल पहिल्या शंभर ओळी देऊन थांबतं. थांबण्याला हरकत नाही, फक्त गप्प थांबू नये. ‘एकूण ४,३१२ ओळींपैकी पहिल्या १००, आवकेच्या उतरत्या क्रमानं, पुढच्यासाठी पान २ मागा’ असं निकालाच्या डोक्यावर लिहून आलं तर एजंट पुढे मागतो. लिहून आलं नाही तर शंभर म्हणजेच सगळ्या, असं मानून तो निष्कर्ष काढतो.

निकालाबरोबर येणारा हा मजकूर आणि चूक झाल्यावर येणारा संदेश हेही दस्तऐवजीकरणच आहे, किंबहुना जास्त उपयोगी, कारण ते गरजेच्या क्षणी वाचलं जातं. समजा, एजंटनं ‘लासलगांव’चे भाव मागितले. तक्त्यात ‘लासलगाव’ आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अशा कितीतरी शब्दांवरचे अनुस्वार उतरवले, पण पाट्यांवरून, शिक्क्यांवरून आणि लोकांच्या बोटांतून ते अजून उतरलेले नाहीत. टूलनं ‘० ओळी’ एवढंच उत्तर दिलं तर एजंट सांगणार, ‘आज लासलगावला कांद्याची आवक नव्हती.’ नाशिक जिल्ह्यात हे वाक्य ऐकून लोक हसतील, पण इतरत्र ते खरं मानलं जाईल. त्याऐवजी टूलनं म्हणावं: ‘या नावाचा बाजार नाही. जवळची नावं: लासलगाव, लासलगाव – निफाड, लासलगाव – विंचूर. यांतला एक निवडा, तिन्हींची आवक वेगळी नोंदली जाते.’ नाव चुकलं, बाजार बंद होता आणि बाजार चालू असून माल आला नाही, या तीन परिस्थितींना तीन वेगळी उत्तरं हवीत.

हे सगळं वाचून वाटेल की वर्णनं लांबलचक लिहावीत. तसं नाही. प्रत्येक टूलचं वर्णन सहसा प्रत्येक कामाच्या वेळी मॉडेलपुढे ठेवावं लागतं, आणि चाळीस टूलांची चाळीस पानं झाली की महत्त्वाचं वाक्य गर्दीत हरवतं. माझा कौल असा आहे की जी गोष्ट नावावरून कळते ती पुन्हा लिहू नये. ‘शेतमाल: शेतमालाचं नाव’ ही ओळ फक्त जागा अडवते. शब्द तिथे खर्चावेत, जिथे समजूतदार माणूसही चुकेल.

त्याहून बरं म्हणजे चुकायला जागाच ठेवू नये. जपानी कारखान्यांत या विचाराला ‘पोका-योके’ म्हणतात. टोयोटासाठी काम केलेले अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात तो रुजवला. आधी शब्द होता ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खाकडूनही चूक न होऊ देणारं. कामगारांना तो लागेल म्हणून बदलला. (यंत्रांसाठी लिहिताना जुना शब्द वापरायला हरकत नव्हती असं कधीकधी वाटतं, पण चूक बहुधा लिहिणाऱ्याचीच निघते.) आपल्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते ती याच जातीची युक्ती. प्लग उलटा बसतच नाही, मग ‘उलटा बसवू नये’ अशी पाटी कशाला? अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये असाच एक अनुभव लिहिला. त्यांचा कोड लिहिणारा एजंट मूळ फोल्डरमधून दुसरीकडे गेला की फाइलचे अर्धवट पत्ते देऊन चुकायचा. त्यांनी टूल असं बदललं की पूर्ण पत्ताच द्यावा लागेल, आणि ती चूक थांबली. एकूण सूचनांपेक्षा टूल सुधारण्यावरच आपला जास्त वेळ गेला, असंही त्यांनी नमूद केलं.

तक्त्याच्या बाबतीत हे सहज करता येतं. फक्त क्विंटलच्या ओळी असतील तिथे रकान्याचं नाव नुसतं ‘दर’ न ठेवता ‘दर, रुपये प्रति क्विंटल’ असं ठेवलं की निकालाच्या प्रत्येक ओळीबरोबर एकक फिरतं. बाजाराच्या नावाऐवजी ठरलेला संकेतांक घेतला की अनुस्वाराचा वादच मिटतो. आणि परिमाण? ‘वेगळं परिमाण असलेल्या ओळींची बेरीज करू नये’ ही सूचना वर आपण मोठ्या ऐटीत लिहिली होती. ती काढून टाकता येईल. बेरीज करणाऱ्या टूलला परिमाण हा सक्तीचा पॅरामीटर द्यायचा, क्विंटल किंवा नग, दोन्हींपैकी एक निवडल्याशिवाय ते चालणारच नाही. शिवाय या परिमाणात किती ओळी बसल्या आणि किती बाहेर राहिल्या, हे त्यानं निकालात सांगायचं.

एवढं झालं की चाचणी. तीही वर्णन लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून करू नये, कारण त्याला उत्तरं आधीच माहीत असतात. खऱ्या माणसांना पडतात तसे वीस-पंचवीस प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरं हातानं तपासून ठेवावीत, आणि एजंटला कामाला लावावं. मग नुसतं उत्तर पाहून थांबू नये. एजंटनं कोणतं टूल कितीदा बोलावलं, काय देऊन बोलावलं आणि कुठे अडखळला, ती नोंद ओळ न् ओळ वाचावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण वर्णनात कोणतं वाक्य कमी आहे ते तिथेच सापडतं. एकच टूल तीनदा वेगवेगळ्या तारखेच्या पद्धतीनं बोलावलेलं दिसलं की समजायचं, तारखेचं वाक्य राहिलंय. चुकीचं टूल निवडलं असेल तर दोन वर्णनं एकमेकांसारखी झाली आहेत.

चाचणीतला पहिला प्रश्न अर्थातच ठरलेला: आज पुण्याच्या बाजारात एकूण किती भाजीपाला आला? टूल नीट बांधलेलं असेल तर नोंदीत एकाच प्रश्नासाठी बेरजेच्या टूलला दोन हाका दिसतात, एक क्विंटलची आणि, ‘काही ओळी बाहेर राहिल्या’ हे वाचल्यावर, दुसरी नगाची. उत्तरात दोन आकडे येतात, आणि दुसऱ्यापुढे लिहिलेलं असतं: जुड्या.